तळघरातले अकरा दिवे

"पाच... सहा," मार्सीने मोजलं आणि टॉर्च जवळजवळ नाकावर पाडून घेतला.

पिनबॉलच्या, म्हणजे काचेखाली चेंडू टोलवायच्या खेळाच्या, यंत्राची फळी वर उचलून, काठीचा टेकू देऊन, ती पेटीच्या आत कमरेपर्यंत वाकली होती. वरून बघितलं तर त्या फळीवर समुद्र होता, वादळ होतं, एक हेलकावणारी बोट होती आणि कोपऱ्यात बोटाएवढं दीपगृह होतं. खालून बघितलं तर नुसत्या तारा. त्या तारांमध्ये मार्सीने आणि तिच्या भावाने वेगळे छोटे एलईडी दिवे बसवले होते, कारण कारखान्यातून आलेलं हे यंत्र फार अंधारं होतं. बोट कुठे आहे तेसुद्धा दिसायचं नाही. दिवे बसवले होते चार. तीन दोघांनी मिळून, चौथा मार्सीने एकटीने.

मग हे सहा कुठून आले?

तिने पुन्हा मोजले. सहाच. पाचवा बोटीखाली, सहावा खडकाच्या मागे. आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशाच्या कागदावर पाच आणि सहा हे आकडे जिथे होते, बरोबर तिथेच. आणि तिने स्वतः लोंबकळत सोडलेल्या तारा आता शहाण्या मुलांसारख्या एका रांगेत होत्या. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नव्हे, तर मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. दर बोटभर अंतरावर एक बारीक, घट्ट गाठ.

घरात माणसं दोन. बाबा आणि ती. बाबा पहाटेच शहराच्या बर्फ काढायच्या गाडीवर जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याला बुटाची नाडीही सोडवत नसे. आई फोटोत होती, मार्सी दोन वर्षांची असल्यापासून. राहिला भाऊ, कॅस्पर. तो ऑगस्टमध्ये नौदलात गेला होता. कुठल्या समुद्रावर होता ते त्यालाही सांगायची परवानगी नव्हती. नाताळाला त्याचा तीन ओळींचा निरोप आला होता, त्यातली एक ओळ जेवणाबद्दल होती.

नकाशा कॅस्परनेच काढला होता. अकरा जागा, अकरा आकडे. अकराव्यापाशी, म्हणजे दीपगृहापाशी, त्याने लिहिलं होतं, 'हा मी आल्यावर.'

मार्सीने फळी हळूच खाली टेकवली. यंत्राची विजेची पिन भिंतीतून काढून तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ते बाबाचं काम. नाताळाच्या आठवडाभर आधी तळघरात जळल्याचा वास आला होता. रिच काकाने येऊन नाक वर करून दोनदा हुंगलं आणि निकाल दिला, की पोरांनी नसते दिवे लावून यंत्राची वाट लावली, आता ते घरात ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वर भाडेकरू म्हातारी राहते, बाबाला ते पटलं. एका बारवाल्याला यंत्र हवं होतं, तो शनिवारी हातगाडी घेऊन येणार होता. तोवर यंत्राला हात लावायचा नाही, असं बाबाने बजावलं होतं.

आज बुधवार होता.

मार्सीला रडू आलं नाही. ते ती आठवड्यापूर्वीच उरकून बसली होती. पण यंत्र गेलं की कॅस्पर परत येऊन काय बघणार, हा विचार तिला सोडत नव्हता. दीपगृह नसेल तर अकरावा दिवा लावायचा कुठे?

*

सुट्टीत बाबा घरी नसायचा म्हणून रोज साडेआठ ते एक मार्सीला पार्कातल्या शिबिरात बसावं लागायचं. तिथे कागदाचे हिममानव कापायचे आणि कोमट दूध प्यायचं. मार्सी खिडकीजवळच्या बाकावर एकटीच बसायची. तशी तिची एक मैत्रीण त्याच खोलीत होती, इत्झेल. मागच्या गल्लीत पलीकडच्या घरात राहायची. आधी दर शुक्रवारी ती आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ चुय तळघरात खेळायला यायचे.

ऑगस्टनंतर मार्सीने त्यांना बोलावलं नाही. ती सुरू करायचं बटण दोनदा दाबायची, म्हणजे यंत्र दोन खेळाडूंचा डाव मांडायचं, आणि दोन्ही डाव स्वतःच खेळायची. पहिला आपला, दुसरा कॅस्परचा. एकदा इत्झेलने विचारलं होतं, दुसरा मी खेळू का? त्यावर मार्सी म्हणाली होती, "ती जागा रिकामी नाहीये." इत्झेल स्वाभिमानी मुलगी. ती गेली ती परत आली नाही.

पण तळघरात भूत दिवे लावत फिरत असताना माणसाने मान किती ताठ ठेवायची? मार्सी दुधाचा पेला घेऊन इत्झेलच्या बाकाशी गेली आणि उभी राहिली.

"काय?" इत्झेल हिममानवाचं डोकं कापत म्हणाली.

"आमच्या तळघरात कुणीतरी येतंय."

"मग? तुझी ती जागा रिकामी नव्हती ना?"

हे मार्सीच्या वर्मी लागलं. तिने पेल्यातल्या सायीकडे बघितलं आणि म्हणाली की आपलं चुकलं, ती जागा रिकामीच होती, म्हणून तर आपण तसं बोललो. इत्झेलने कात्री खाली ठेवली. चुय मात्र भांडण मिटायची वाट बघत थांबणारा नव्हता. त्याने लगेच विचारलं, की चोर काही नेतो का. मार्सीने सांगितलं, की नेत नाही, बसवतो.

"मग तो चोर नाही, गडबडलेला आहे," चुय म्हणाला. "त्याला सांगा, आमच्या घरी एक टीव्ही बसव."

योजनाही चुयचीच. त्यांच्या घरी तान्ही मावसबहीण आली होती आणि तिची पावडर भरपूर होती. दुसऱ्या दिवशी शिबिराला जाण्यापूर्वी तळघराच्या तेराच्या तेरा पायऱ्यांवर आणि खालच्या फरशीवर पातळ पावडर पसरायची. पाऊल उमटलं की चोर सापडला. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्याने मार्सीचंही दूध पिऊन टाकलं.

*

गुरुवारी एक वाजता तिघं बर्फातून धावत आले आणि मागच्या दारात थबकले.

पायऱ्यांवर एकही पाऊल नव्हतं. होता तो प्रत्येक पायरीच्या मधोमध एक रुंद पुसलेला पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंजांचे ठसे. वरपासून खालपर्यंत, तेराही पायऱ्यांवर.

"सील उतरलाय," चुय कुजबुजला. "सरोवरातून आला असणार."

"गप रे. सीलला बोटं असतात का?" इत्झेल खाली वाकली. "कुणीतरी बसून बसून उतरलंय. एकेक पायरी."

फरशीवर मात्र पावलं होती. लहान सपातांची, आणि शेजारी एक गोल टिकली, पुन्हा पुढे एक गोल टिकली. काठीची. ती रांग सरळ यंत्रापर्यंत गेली होती. मार्सीने फळी उचलून टेकू लावला आणि टॉर्च मारला. आठ दिवे झाले होते. शेल्फवरच्या डब्यातले दिवे तेवढेच कमी झाले होते. आणि तोच मेणाचा दोरा, त्याच बारीक गाठी.

ती गाठ कुठेतरी बघितली होती. मार्सी डोळे मिटून उभी राहिली. कुठे? मग ती काही न बोलता कपडे धुवायच्या यंत्राकडे गेली. तिथे वरच्या भाडेकरूंची, गॉर्नीबाईंची, धुण्याची पिशवी होती. ऑक्टोबरमध्ये गॉर्नीबाई याच जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून बाबाने त्यांना तळघरात यायची बंदी केली होती. दर गुरुवारी सकाळी मार्सीच त्यांची पिशवी दारातून उचलून खाली आणायची. पिशवीचं तोंड पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं होतं. बारीक, घट्ट गाठ. मार्सी ती दर आठवड्याला नखांनी सोडवायची आणि मनात चरफडायची.

"पण त्या तर ऐंशीच्या आहेत," इत्झेल म्हणाली.

"सील पण म्हातारे होतात," चुय म्हणाला.

तिघं पिशवी घेऊन वर गेले. दार लगेच उघडलं. ठेंगण्या, निळ्या डोळ्यांच्या गॉर्नीबाई काळ्या घरगुती झग्यात उभ्या होत्या. चेहरा असा भोळा, की यांनी साखरेचा दाणाही न विचारता उचलला नसेल. त्यांनी मुलांना आत बोलावलं आणि खसखशीचा रोल कापायला त्या वळल्या.

त्यांचा झगा मागून पांढराफटक होता. पावडरच पावडर.

चुयने तोंडावर दोन्ही हात दाबले, पण हसू नाकातून बाहेर पडलंच. गॉर्नीबाईंनी आरशात मागे वळून बघितलं आणि खुर्चीत बसल्या.

"सव्वीस वर्षं कारखान्यात होते, कुणी पकडलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता तान्ह्या बाळाच्या पावडरीने घात केला."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. शहराच्या याच बाजूला एक कारखाना होता, आता तिथे गोदाम आहे. तिथे पिनबॉलची यंत्रं व्हायची. लाकूडकाम पुरुषांकडे आणि तारा बायकांकडे. लांब फळ्यांवर खिळे ठोकलेले असायचे, त्या खिळ्यांमधून तारा ओढायच्या आणि मेणाच्या दोऱ्याने बांधायच्या. प्रत्येकीची गाठ वेगळी. काही चुकलं तर मुकादम गाठ बघूनच बोलवायचा, नाव विचारायची गरज नसे. गॉर्नीबाईंना कधीच बोलवलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"नाताळाच्या आधी गरम हवेच्या झरोक्यातून वास आला," त्या म्हणाल्या. "मी ओळखला. तारेवरचं कातडं जळाल्याचा वास. तुझ्या बाबाने पिन काढली, ठीक. पण का जळलं ते कुणी बघितलं का? मला झोप लागेना. म्हणून गेले."

त्यांनी कपाटातून एक बशी काढली. बशीत चुईंगमचा चंदेरी कागद होता, एका बाजूने काळाठिक्कर पडलेला.

"हा फ्यूजवर गुंडाळला होता."

मार्सीला नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दिवस आठवला. जेवणानंतर यंत्राचे सगळे दिवे अचानक गेले होते. रिच काका चुईंगम चघळत खाली गेला आणि क्षणात सगळं सुरू करून वर आला. दिवसभर त्याची टिमकी वाजत होती. आणि चौथा दिवा? तो तिने घाईत दातेरी चिमट्याने अडकवला होता, सोल्डर न करता. चिमटा सरकून शेजारच्या तारेला लागत होता, गॉर्नीबाईंनी तो काढून नीट जोडला होता.

"म्हणजे चूक माझीच," मार्सी म्हणाली.

"तुझी चूक एवढीशी होती, पोरी. अशा चुका सांगायलाच फ्यूज असतो. तो उडाला, म्हणजे त्याने ओरडून सांगितलं. तुझ्या काकाने त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

"मग दिवे का बसवलेत?" इत्झेलने विचारलं.

गॉर्नीबाईंनी सुरी उचलून रोल कापायला घेतला. मग म्हणाल्या, की नकाशा बघितला, तारांचा गुंता बघितला, आणि हात थांबेनात. इथे वर दिवसभर हातांना काही काम नसतं. घड्याळाचा आवाज ऐकायचा आणि चार वाजायची वाट बघायची, आणि चार वाजून तरी काय होतं? मार्सीने त्यांच्याकडे बघितलं. आपल्या डोक्यावर, त्याच छताच्या वर, कुणीतरी आपल्यासारखंच बसलेलं असतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"पण तुझ्या बाबाला, टेडला, सांगायचं नाही," गॉर्नीबाई एकदम कठोर झाल्या. "मी जिना उतरते हे कळलं, तर तो माझ्या पुतण्याला फोन करील. आणि पुतण्या मला वृद्धाश्रमात टाकील. वाटच बघतोय. शब्द द्या."

तिघांनी शब्द दिला. देताना मार्सीला माहीत होतं, की हा शब्द महाग पडणार आहे.

*

शुक्रवारी दुपारी दोन दिवे उरले होते, नऊ आणि दहा. गॉर्नीबाईंनी सोल्डरची तार आणि मेणाचा दोरा दिला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिघांकडून गाठ घटवून घेतली. आधी तिघांना खाली पाठवलं, पिनेवरची काळी पट्टी तशीच आहे ना ते तिघांनी वेगवेगळं बघून यायचं, मगच पुढचं. मार्सीने बाबाचा हुकूम मोडला हे खरंच. ती म्हणाली, की उद्या यंत्र जायचंच असेल तर निदान अर्धवट तरी जाऊ नये.

तिच्या गाठी म्हणजे गाठी कसल्या, गोगलगाई. चुयने तर स्वतःचं बोटच बांधून घेतलं. पण दहा दिवे पूर्ण झाले. अकराव्या जागेला कुणी हात लावला नाही.

फ्यूज गॉर्नीबाईंनी आधीच बदलला होता. त्यांच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर नवे फ्यूज होते, कारखान्यातून निघताना मूठभर आणलेले. प्रश्न होता तो फक्त बाबाला कसं पटवायचं. काका खोटा आहे, असं बारा वर्षांच्या मुलीने सांगून चालत नाही.

"तुझ्या काकाला बढाई मारायला आवडते ना?" इत्झेल म्हणाली. "मग मारू दे की."

*

शनिवारी अकरा वाजता रिच काका आला, बारवाला आला आणि हातगाडीही आली. बुटांना लागलेलं, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ फरशीवर पडत होतं. बाबा भिंतीला टेकून उभा होता, हात खिशात. त्यालाही हे आवडत नव्हतं, पण तो तसं म्हणणार नव्हता.

"काका," मार्सी गरीब चेहरा करून म्हणाली, "यंत्र जायच्या आधी मला एक शिकवशील? थँक्सगिव्हिंगला तू ते इतक्या पटकन कसं सुरू केलंस?"

काकाची छाती फुगली. ऐकायला बाहेरचा माणूसही होता, मग काय विचारता. त्याने खिळ्यावरची किल्ली काढून यंत्राच्या डोक्यावरची पेटी उघडली आणि प्रवचन सुरू केलं. फ्यूज उडाला की लोक दुकानं शोधत पळतात. अडाणी लोक. डोकं असलेला माणूस काय करतो? तोंडातलं चुईंगम खातो आणि त्याचा चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळतो. तीस सेकंद. महिनोन् महिने चालतं.

"हे बघ," असं म्हणत त्याने फ्यूज उपसून सर्वांसमोर धरला.

तो स्वच्छ, नवा, काचेचा फ्यूज होता. काका त्याच्याकडे बघतच राहिला.

"माझा कागद कुठे गेला?"

"हा का, काका?" मार्सीने बशी पुढे केली.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाबाने बशीतला काळा कागद उचलला, नाकाशी नेला आणि भावाकडे बघितलं. बारवाला खाकरला. त्याच्या बारचं छत लाकडी आहे, तो म्हणाला, आणि एकंदर हा व्यवहार नको. त्याने हातगाडी फिरवली आणि आल्या वाटेने गेला.

चुय टाळ्या वाजवणार एवढ्यात बाबाने टॉर्च उचलला. त्याने फळी वर केली आणि आत बघत राहिला.

"दहा दिवे," तो म्हणाला. "मी हात लावू नको म्हटलं होतं, मार्सी."

"हो."

"या दोन तारांच्या गाठी तुझ्या आहेत. कळतंय. पण या बाकीच्या? हे तुझ्या हातचं नाही. आणि त्या कागदाचं तुला कुणी सांगितलं? या घरात माझ्या मागे कोण येतं?"

मार्सीने रिकामी बशी छातीशी धरली. बाबाचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. तो म्हणाला, की आगीशी, विजेशी खेळ चाललाय आणि माझी मुलगी माझ्यापासून लपवतेय. कोण होतं ते सांग. नाही सांगितलंस, तर यंत्र आजच जाईल, त्या माणसाला मी परत बोलावतो.

चुयचं तोंड उघडलं. इत्झेलने त्याच्या पायावर पाय दिला.

मार्सीने यंत्राकडे बघितलं. बोट, खडक, कोपऱ्यातलं विझलेलं दीपगृह. कॅस्परचं अक्षर. मग तिने वर छताकडे बघितलं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली. "शब्द दिलाय. ने यंत्र."

आणि तिचे डोळे भरून आले. यंत्र जाईल म्हणून, आणि ते गेल्यावर कॅस्परला तीन ओळींत काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं म्हणून.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. धप्. मग थोडा थांबून, पुन्हा धप्.

सगळे वळले. आधी दोन सपाता दिसल्या, मग काळा झगा, मग काठी मांडीवर आडवी धरलेल्या गॉर्नीबाई. बसून, एकेक पायरी, दोन्ही पंजे टेकत. बाबा धावला तर त्यांनी काठी त्याच्यावर रोखली.

"तिथेच थांब. तेरा आहेत, मी मोजते. त्या पोरीला बोलू नकोस, टेड. झरोक्यातून सगळं ऐकू येतं. गाठी माझ्या आहेत. फ्यूज माझा आहे. आठवडाभर तुझ्या घरात चोरून मी येतेय."

"मिसेस गॉर्नी, तुम्ही पडाल! मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"तू मला काय सांगितलंस?" त्या शेवटच्या पायरीवर पोचल्या आणि तिथेच बसून राहिल्या. "ऑक्टोबरमध्ये मी पडले, कारण या जिन्याला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला हवा आहे. तू म्हणालास, कठडा लावतो, नाताळानंतर. तोवर खाली येऊ नका. मला कठडा हवा होता, टेड. तू बंदी दिलीस."

बाबा जिन्याच्या त्या रिकाम्या बाजूकडे बघत होता, जणू पहिल्यांदाच.

"आता कर पुतण्याला फोन," गॉर्नीबाई म्हणाल्या, पण त्याच्याकडे न बघता.

बाबा त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसला. त्याने सांगितलं, की तो कुणालाही फोन करणार नाही. भावाने चंदेरी कागद लावला आणि आपण बंदी लावली, यात फार फरक नाही, हे त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं. मग तो मार्सीकडे वळला.

"तू माझं ऐकलं नाहीस, ते मी विसरणार नाही," तो म्हणाला. "पण शब्दासाठी तू हे यंत्र सोडायला निघाली होतीस. मला नसतं जमलं. शाब्बास, पोरी. आणि तुम्ही दोघं पण. घर जळायचं वाचवलंत."

"पावडर माझी होती," चुयने नोंद करून ठेवली.

रिच काका मागच्या दाराकडे सरकत होता. बाबाने त्याला हाक मारली आणि लाकूड, ब्रॅकेट, स्क्रू अशी यादी सांगितली. कठडा आजच लागणार होता आणि तो काकाच लावणार होता.

"आणि तीस सेकंदांत नको," बाबा म्हणाला. "नीट लाव."

*

पिनेवरची काळी पट्टी मार्सीने सोलली. बाबाने पिन भिंतीत घातली आणि वरचा दिवा इत्झेलने मालवला.

आधी यंत्र गुरगुरलं. मग एकेक कोपरा उजळला. बोटीवरचा कंदील पिवळा, खडकांच्या मागे निळं, लाटांच्या कडांना पांढरं. इतकी वर्षं अंधारात असलेला एक लहानसा खलाशी दोराला लोंबकळताना दिसला. तो तिथे आहे हे मार्सीलाही माहीत नव्हतं. फक्त दीपगृह काळं होतं.

गॉर्नीबाई काठीवर रेलून काचेजवळ आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आम्ही नेहमी पोटच बघितलं," त्या म्हणाल्या. "तोंड कधी बघितलंच नाही. बाई, किती सुंदर आहे."

"म्हणजे तुम्ही कधी खेळला नाहीत?" मार्सीने विचारलं.

"आमच्या टेबलावरून तारा जायच्या. यंत्र पुढच्या इमारतीत जुळायचं."

मार्सीने बटण दाबलं. पडद्यावर खेळाडू एक आला. तिचं बोट बटणावरच राहिलं. ऑगस्टपासून दुसऱ्यांदा दाबताना ती दरवेळी कॅस्परचं नाव मनात घ्यायची. आज तिने दीपगृहाकडे बघितलं. त्याची जागा तिथे होती, काळी, राखून ठेवलेली, ती कुणी घेत नव्हतं. तिने दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि बाजूला सरकली.

गॉर्नीबाईंचा पहिला चेंडू तीन सेकंदांत टोलवायच्या दोन्ही पात्यांच्या मधून खाली गेला. चुय हसून हसून पायरीवर बसला. गॉर्नीबाई म्हणाल्या, की तक्रार करायची आहे, मुकादमाला बोलवा.

संध्याकाळी मार्सीने उजळलेल्या यंत्राचा फोटो कॅस्परला पाठवला. उत्तर आलं नाही. जहाजावर कधी कधी आठवडा जातो. तिला ते लागलंच, लागायचं काही थांबलं नव्हतं. ती तळघरात गेली, नकाशाच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे ज्याचं त्याचं नाव लिहिलं, आणि अकराव्यापुढची ओळ होती तशी ठेवली.

रविवारी सकाळी ती एकटीच खाली उभी होती. वर दार उघडलं. आज धप् असा आवाज नव्हता. सपातांची पावलं होती, उभी, सावकाश, नव्या कठड्यावर हात सरकत होता. मार्सी मोजत राहिली. तेरा झाल्या तेव्हा तिने बटण दोनदा दाबून ठेवलेलं होतं.